नारळ कधी फुटला

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी खडकीतल्या एका लहान कारखान्यात लेथ मशीन अचानक फिरू लागलं. त्या क्षणी हिंमतराव भोपळे मशीनच्या चकला, काम पकडून फिरणाऱ्या जबड्याला, झेंडूची माळ बांधत होते. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

खंडेनवमी होती. आत यंत्रांची पूजा चालली होती. बाहेर व्हरांड्यात, मेन स्विचपाशी पोपट गवई उभे होते. मेन त्यांनीच चालू केला.

दोघे एकाच लेथवर काम करत, हिंमतराव पहिल्या पाळीत आणि पोपट दुसरीत. हिंमतराव पूजेशिवाय दसरा मानत नसत. पोपट बौद्ध; ते पूजेला हात लावत नसत. चौदा वर्षांपूर्वी यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि त्यातूनच एक रीत ठरली होती. पूजेच्या वेळी पोपटनी बाहेर थांबून मेन बंद करायचा. सगळ्यात शेवटी आत नारळ फुटायचा. तो आवाज आला की मेन चालू. आतून हाक मारायची नाही, बाहेरून डोकवायचं नाही. लेथचं स्वतःचं बटण चालूच राहायचं. मेन बंद असताना तिकडे कोणी बघत नसे. चौदा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

यंदा नारळ आधी फुटला. मालकाचा मुलगा शुभंकर घाईत होता. कारखान्याचं सगळं काम कंप्युटरवर घ्यायचं होतं, आणि त्यासाठी एका सॉफ्टवेअर कंपनीची माणसं सव्वातीनला येणार होती.

“काका, नारळ आधी उरकू या. पाहुण्यांच्या बुटांना पाणी नको.”

“अजून माळ राह्यली,” हिंमतराव म्हणाले.

“माळ घाला ना सावकाश.”

शुभंकरने नारळ उंबऱ्यावर आपटला. बाहेर सांगायला कोणी गेलं नाही.

पोपटनीच हिंमतरावांना रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. त्यांचा शर्ट पोटापर्यंत लाल झाला होता. मागोमाग शुभंकर आणि कारखान्यातली चार माणसं आली. त्यांच्यात वेल्डर जयसिंग होता. दसऱ्यासाठी पोपट संध्याकाळच्या गाडीने नागपूरला निघणार होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

“आज बोटं, उद्या दीक्षाभूमी,” जयसिंग म्हणाला. “भरगच्च कार्यक्रम आहे गवईंचा.”



पाच वाजता ठाण्यातून हवालदार रामदास आले. त्यांनी आधी पोपटना विचारलं.

“नारळ फुटला, मी मेन चालू केला,” पोपट म्हणाले. “दर साली तसंच असतंय साहेब. विचारा यांना.”

हवालदार शुभंकरकडे वळले. “नारळ कधी फुटला?”

शुभंकरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“फुटलाच नव्हता अजून,” तो म्हणाला. “पूजा चालू होती. यांनी मधेच मेन चालू केला.”

पोपट हसले. शुभंकर चुकून बोलला असं त्यांना वाटलं. मग बाकी कोणीच हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. ते एकेका तोंडाकडे बघत गेले.

“जयसिंग, अरे उंबऱ्यावरची भकलं तूच उचलली ना?”

जयसिंग भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत होता.

“मुद्दाम केलं म्हणायचं का मग?” हवालदारांनी विचारलं.

“ते मी कसं सांगणार?” शुभंकर म्हणाला. “त्यांना आमची पूजा आवडत नाही, एवढं सगळ्यांना माहीत आहे.”

शुभंकरच्या जबाबाखाली कारखान्यातल्या चौघांनी सह्या केल्या. जयसिंगने सगळ्यात शेवटी केली.

हिंमतरावांची बायको मुक्ताई बाकावर बसून सगळं ऐकत होती. ती उठून पोपटसमोर उभी राहिली.

“पोपटभाऊ, एकदा आत डोकावून पाह्यलं असतं, तर काय बाटले असते तुम्ही?”

“वहिनी, डोकवायचं नाही हे हिंमतरावनंच ठरवलं होतं.” पोपट म्हणाले. “मीही हो म्हटलं. मले वाटलं, भांडण मिटलं.”

सव्वासहाला हवालदारांनी पोपटना शिपायाबरोबर ठाण्यात पाठवलं. शर्ट बदलू का, असं त्यांनी विचारलं. असू द्या, हवालदार म्हणाले.

सात वाजून चाळीस मिनिटांनी हिंमतराव नीट शुद्धीवर आले. डॉक्टरांनी पाच मिनिटं दिली. हवालदार खुर्ची ओढून बसले. मुक्ताई पायाशी उभी होती, शुभंकर दाराशी.

“एकच विचारतो, भोपळे. मशीन फिरलं त्याच्या आधी नारळ फुटला होता की नव्हता?”

हिंमतरावांनी दाराकडे बघितलं.

“काका, तुमचा सगळा खर्च कारखाना करणार आहे,” शुभंकर म्हणाला. “नोकरीचीही काळजी करू नका.”

पट्टीत गुंडाळलेला हात हिंमतरावांनी दुसऱ्या हाताने उचलून छातीवर ठेवला.

“पोपट कुठी हाय?”

“ठाण्यात.”

“त्याले आणा इथं.”

“तसं नाही करता येत. आधी जबाब द्या.”

“आधी पोपट.”

हवालदारांनी डाव्या अंगठ्यासाठी शाईचं पॅड उघडून पलंगावर ठेवलं. पाच मिनिटं संपल्याचं सांगायला नर्स आत आली, तेव्हा पॅड उघडंच होतं आणि कागदावर फक्त नाव, वय आणि पत्ता लिहिलेला होता.