वर्गातला गोंगाट
शाळा बंद होत्या त्या वर्षी मी पाचवीचं गणित मोबाइलवरून शिकवत होते. एका मुलीच्या फोनमधून सतत घंटा आणि मंत्र ऐकू यायचे. एकदा तिला पाढा विचारला आणि तोच गोंगाट सुरू झाला. "पढ़ना है या मेला घूमना है?" म्हणत तिला वर्गातून काढलं. ती पुन्हा आलीच नाही. काल रामघाटावर सासूबाईंच्या नावाने दिवा सोडायला गेले. दिवेवालीशी बोलत होते, तेवढ्यात तिची मुलगी समोर येऊन उभी राहिली. "आप गणितवाली मैडम हैं ना? आवाज से पहचाना. फोन मम्मी का था, मम्मी यहीं बैठती है." मी विचारलं, "कौनसी क्लास में हो?" तिने दिवा पेटवून द्रोण माझ्या हातात ठेवला. "मैडम, उस दिन नौ अट्ठे पूछा था. मैंने बहत्तर बोला था."