खाली बघायचं नाही

"आवळ अजून," फुआतिनो म्हणाली.

वालासी आत्याने मुकुटाची दोरी तिच्या कपाळावर आणखी ताणली. केसांचा आणि शिंपल्यांचा तो उंच मुकुट भलता जड. फुआतिनोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आता बसला नीट," आत्या म्हणाली. "डोकं दुखत नसेल तर मुकुट सैल आहे समजायचं. नवऱ्याचंही तसंच असतं बाई. कळेलच तुला."

"मी अजून हो म्हटलेलं नाही, आत्या."

"नाही म्हटलंयस का? मग झालं तर!"

बाहेर नव्या चर्चचा सोहळा उरकत आला होता. डुकरं भाजून तयार होती, पण वडीलधाऱ्यांची भाषणं काही आटपत नव्हती. ती संपली की ताउआलुंगा, म्हणजे शेवटचा नाच. तो गावप्रमुखाच्या लेकीने नाचायचा आणि फुआतिनो गावप्रमुखाची लेक. एरवी ती आपियाला, आमच्या बेटांच्या राजधानीत, राहायची. तिथे तिचा स्वतःचा नाचाचा संच होता, हाताखाली शिकणाऱ्या मुली होत्या, भाड्याच्या दोन खोल्या होत्या. ती कुणाच्या बापाला भीत नव्हती, स्वतःच्याही नाही.

आणि सेतेफानोवर तिचा जीव होता. खोटं कशाला बोला? तो नुसता हसला तरी हिचा ताल चुकायचा.

सेतेफानोचं पाद्रीपणाचं शिक्षण नुकतंच संपलं होतं. आमच्याकडे बिनलग्नाच्या पाद्र्याला गाव मिळत नाही. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका गावाने त्याला बोलावलं होतं, आणि तिथली म्हातारी मंडळी आज पुढच्या रांगेत बसून होती, पाद्री बघायला आणि त्याची होणारी बायकोही बघायला. भारी कडक गाव ते. तिथे पाद्र्याच्या बायकोने नाचायचं नाही. टाळ्या वाजवायच्या, त्याही बेताने.

पडदा सारून सेतेफानो आत डोकावला. पांढरा शर्ट, पांढरी लुंगी, गळ्याला टाय.

"आजचा नाच शेवटचा ना, फुआ? ती माणसं उत्तराला खोळंबलीत."

"नाच झाल्यावर सांगते."

"अगं, माझा जीव टांगणीला लावू नकोस."

"मग मी नाचताना ये की पायाशी लोळायला. सगळे येतात."

"पाद्री चिखलात लोळतो का कुठे?"

"नाही ना? मग बस जा खुर्चीवर."

गिटार सुरू झाली, बायकांनी गाणं उचललं, आणि फुआतिनो मैदानात उतरली. सकाळच्या सरीने माती चिकचिकली होती. ती गुडघे किंचित वाकवून सावकाश फिरू लागली. नाचत होते ते तिचे हात. भोवती पोरांनी नुसता धुडगूस घातला. "चू-हूऽ!" करून एकेक जण तिच्यापुढे धाडकन अंग टाकी, जमीन थोपटी, माकडचेष्टा करी. ही आमची रीतच आहे. पोरं जितकी वेडीविद्री होतील तितकी नाचणारी देखणी दिसते. तिने मात्र खाली बघायचं नाही.

तेवढ्यात कुठलीशी म्हातारी किंचाळली, "अगं बाई, पाद्री!"

पांढरा शर्ट चिखलात पालथा पडला होता. सेतेफानो लोळत होता, दोन्ही हातांनी जमीन बडवत होता, चिरक्या आवाजात "चू-हूऽ" ओरडत होता. पुढच्या रांगेतले म्हातारे ताठ झाले. हातातोंडाशी आलेलं गाव त्याने एका उडीत पणाला लावलं होतं.

फुआतिनोला सगळं ऐकू आलं. खाली बघावं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. तिने बघितलं नाही. फक्त त्याच्या पाठीवर पाऊल टेकवलं, अगदी हलकंच.

नाच संपला. पडद्यामागे आत्या मुकुट उतरवत होती तोच सेतेफानो धावत आला. चिखलाने बरबटलेला, पण चेहरा कसा फुललेला!

"कुणी रागावलं नाही, फुआ! म्हातारे पोट धरून हसताहेत. म्हणाले, बायकोसाठी एवढं करतो तो गावासाठी काय करणार नाही? गाव मिळालं आपल्याला!" त्याने तिचे हात धरले. "मी सगळ्यांदेखत तुझ्यासाठी चिखलात लोळलो. आता तू माझ्यासाठी नाच सोड. फिट्टंफाट."

आत्याचा हात थांबला.

आता बघायला हरकत नव्हती. फुआतिनोने त्याच्याकडे डोळे भरून बघून घेतलं.

"बाकीची पोरं कुठं गेली?"

"पोरं? जेवायला. का?"

"लोळली, उठली, अंग झटकलं आणि जेवायला गेली. माझ्याकडे मागायला एकही आला नाही."

"त्यांचं तुझ्यावर प्रेम थोडंच आहे! माझं आहे."

"माझंही आहे रे." तिची मान ताठच राहिली. तिने हात सोडवून घेतले. "मघाशी तू पडलास ना, तेव्हाच मी मनातल्या मनात नाच सोडला होता. तुझ्यासाठी. कुणी न सांगता. पण तू तो मोबदल्यात मागितलास, आणि तो मला परत मिळाला."