घरी येऊन चालवून पाहावा

लिफ्ट दुरुस्त करणारा तो चाळिशीचा माणूस एकटाच राहायचा आणि जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवायचा. ऑनलाइन जाहिरात दिसली, 'जुना, पण चालू. घरी येऊन चालवून पाहावा', म्हणून रविवारी तो त्या पत्त्यावर पोचला. दार उघडणाऱ्या काकूंनी आतली खोली दाखवली आणि त्या चहा टाकायला गेल्या.

त्याने बटण दाबलं. घरघर सुरू होताच स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, पलंगाखालून घ्या! दरवेळी विसरता!"

दरवेळी? तो तर पहिल्यांदाच आला होता. तरी त्याने वाकून पलंगाखालून नळी फिरवली.

चहा झाला. म्हणाल ती किंमत द्यायला तो तयार होता, पण काकू म्हणाल्या, "विचार करून कळवते."

जिन्यात शेजारीण भेटली. "नाही ना दिला? काका गेल्यापासून जाहिरात तशीच आहे हो. दर रविवारी कुणीतरी येतं, चालवून बघतं आणि हात हलवत परत जातं."

पुढच्या रविवारी त्याने पुन्हा बेल वाजवली.



"काकू, मागच्या वेळी नीट बघून झालं नव्हतं."