वीतभर बांध

वडिवळ्याच्या देवळात मी गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा ऐकायला चौदा माणसं होती. गोष्टीतला शेतकरी दर नांगरटीला शेजारच्या विधवेचा बांध वीतभर कोरतो. बारा जणांनी त्याला चोर ठरवलं.

"पोरांपायी केलं त्यानं," महिपती म्हणाला. "वीतभर मातीनं माणूस वाईट व्हतो व्हय?"

त्याच्या खाचराला लागूनच त्याच्या भावजयीचं, धोंडाबाईचं खाचर होतं. तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"मंजी त्यात पाप न्हाई, भावजी?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"समद्यांनी ऐकलं न्हवं?"

दुसऱ्या दिवशी ती कुदळ घेऊन शेतावर गेली. संध्याकाळी मी जाऊन मोजलं. बांध महिपतीच्या खाचरात नऊ विती सरकला होता.