कुटुंबीयांपुरता निकाल

उच्च न्यायालयाच्या पायऱ्यांवर बायकोचं अभिनंदन करायला माणसं वाट अडवून उभी होती. इंजिनियर तिची पिशवी धरून मागेच राहिला. निकाल तिच्या बाजूने लागला होता. त्याच्या पदरात फक्त नोकरी परत पडली होती.

नदीवरच्या पुलाच्या खांबाला तडे गेलेत, हे वर्तमानपत्रात छापून आलं ते तिच्या नावाने. ती शाळेत चित्रकला शिकवणारी. पुलातलं तिला काय कळणार? लेखातला शब्द न शब्द त्याचा होता. पण सरकारी नोकराने किंवा त्याच्या कुटुंबीयांनी सरकारी कामावर जाहीर टीका करायची नाही, असा आचारनियम. बायकोच्या लेखापायी खात्याने त्याला निलंबित केलं. मग तीच कोर्टात गेली. लग्न झालं म्हणून बाईची वाचा सरकारजमा होत नाही, असं आज न्यायाधीशांनी सुनावलं. कुटुंबीयांवरचं बंधन रद्द झालं. नोकराच्या तोंडावरचं कुलूप मात्र जसंच्या तसं राहिलं.

"म्हणजे मी मुका तो मुकाच," गाडीत बसताच तो म्हणाला. "पूल मी तपासायचा, तडे मी बघायचे, आणि बोलायचं मी सोडून बाकी सगळ्यांनी."

घरी पोचेपर्यंत त्याची धुसफूस थांबली नाही. दारातच साहेबांचा फोन आला. "या उद्यापासून कामावर. वहिनींना काय बोलायचं ते बोलू द्या, तुम्ही तेवढे जपून."

त्याने फोन सोफ्यावर भिरकावला आणि बायकोसमोर कोरे कागद सरकवले.

"घे लिहायला. आता कुणाच्या बापाची भीती नाही. मी सांगतो."

तिने पेन हातात घेतलं, पण टोपण काढलं नाही.

"सरकारी वकील आज म्हणाले, तुमच्या तपासणीच्या अहवालात पूल ठणठणीत आहे. ते खोटं बोलले ना?"

तो शर्टाच्या बाह्या दुमडत राहिला.

"तिथं लिहून कोण ऐकणार होतं?" शेवटी तो म्हणाला. "उगाच साहेबांच्या डोळ्यांवर आलो असतो."

"म्हणजे खरं बोलले."

"अगं, नियमच तसे आहेत. माझे हात बांधलेले..."

"वर्तमानपत्रात लिहायला बांधलेले. अहवालात तडे लिहायला कुठला नियम आडवा आला होता?"

त्याने कागद तिच्याकडे आणखी पुढे सरकवले. मग तिने टोपण काढलं. तो सवयीने पहिलं वाक्य सांगू लागला, तसा तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"माझं म्हणणं माझं आहे, असं कोर्टाने सांगितलंय," ती म्हणाली, आणि तिने लिहिलं: 'पूल ठणठणीत आहे असं ज्याने लिहून दिलं, तो माझा नवरा.'