भुसा झाडायला

दुसरा गोळा फुटला तेव्हा चिमाबाई आत तांदूळ निवडत होती. केरसुणी घेऊन ती पडवीत आली, लेथखालचा भुसा आणि चिरफळ्या लोटल्या आणि परत आत गेली.

रखमाजीनं शिवणीच्या लाकडाचा शेवटचा तुकडा लेथवर चढवला. बेल्ह्याचे भगवंतराव बाजेवर चहा पीत होते. नातवाच्या पाळण्यावर टांगायला त्यांना पाच पोकळ गोळे हवे होते. चार तयारच होते, पाचवा मागच्या बाजारच्या दिवशी सांगितला होता; तोच दोनदा फुटला होता. बारसं उद्यावर आलं होतं.

बोट जाईल एवढ्या भोकातून वाकडी पटाशी आत घालायची आणि गोळ्याचं पोट कोरत जायचं. आतलं काही दिसत नाही. भिंत किती उरली ते आवाजावरून कळतं. आधी भरीव घरघर, मग मडक्यात बोलल्यासारखा, शेवटी वाळल्या पानासारखा. तिथं थांबायचं.

तो शेवटचा आवाज रखमाजीला हल्ली ऐकू येत नसे. हे नवराबायकोलाच ठाऊक होतं. तो कोरायचा तेव्हा चिमाबाई मागे उभी राहायची, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. हात आहे तोवर कोरायचं, उचलला की थांबायचं.

भगवंतरावांनी त्या बाजारच्या दिवशी दारातून तेच पाहिलं आणि हसले. "काय राव, ह्या वयात बी वयनी खांदा सोडीनात जनू!"

रखमाजी गोरामोरा झाला. "छ्या! ती व्हय? ती भुसा झाडायला येती."

तेव्हापासून ती भुसाच झाडत होती.

आता पटाशी आत गेली. घरघर सुरू झाली. मग मडकं. चिमाबाईची बोटं सुपात थांबली, पण ती उठली नाही. आवाज कोरडा होऊ लागला.

एकाएकी लेथ बंद पडला.

"का वो? लाईट तर हाय," भगवंतराव म्हणाले.

"लाईट हाय. कान न्हाई."

"आँ?"

"माजा कान आत तांदूळ निवडतोय." मग रखमाजीनं हाक मारली, "अगं, येती का? एवढाच तुकडा ऱ्हायलाय."

चिमाबाई केरसुणी घेऊनच दारात आली. "लई भुसा पडला का?"

रखमाजीनं तिच्या हातातून केरसुणी काढून घेतली आणि आपल्या पायाशी ठेवली.

तिनं पदर सावरला. मग ती मागे गेली आणि पाहुण्यादेखत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भगवंतराव रिकाम्या कपात बघू लागले. लेथ फिरला. बारीक भुसा उडून दोघांवर बसत राहिला. हात हलला नाही. मग उचलला गेला.

रखमाजीनं गोळा भगवंतरावांच्या तळहातावर ठेवला. सुगरणीच्या रिकाम्या खोप्याएवढं त्याचं वजन.

मग तो खाली वाकला आणि भुसा झाडू लागला.

"वयनी, बगा की! झाडलोट बी यायला लागली राव ह्यास्नी."

"कोपऱ्यात ऱ्हायलाय," चिमाबाई म्हणाली.

रखमाजीनं कोपराही झाडला. भुशानं पिवळ्या पडलेल्या त्याच्या सदऱ्यावर, उजव्या खांद्याशी, पाच बोटांची जागा पांढरी राहिली होती. सदरा मात्र त्यानं झटकला नाही.