दमवणारी माणसं

माणसाची शक्ती हेच राष्ट्राचं खरं धन, असं माणसाची शक्ती मोजणाऱ्या आणि वाचवणाऱ्या मनगटपट्टीच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलं होतं. दुसऱ्या पानावर, पट्टी घालून भांडी घासू नयेत, असं होतं.

श्रीरंगच्या आईच्या दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवून तास झाला, तरी कावळा शिवेना.

"वहिनीची काहीतरी इच्छा राहिलीय," काका म्हणाले. "तुला बोलली असेल. रोज फोन करायची ना?"

"करायची," श्रीरंग म्हणाला.

शेजारच्या वासंतीकाकूंनी डोळे पुसले. "आणि वर्षभर किती गोड बोलायचास रे तिच्याशी. आधी सारखा खेकसायचास. पोरगा सुधारला, म्हणायची."

वर्षापूर्वी श्रीरंगने पट्टीतल्या 'दमवणारी माणसं' या यादीत आईचं नाव घातलं होतं. तेव्हापासून तिचे फोन पट्टीच घ्यायची, हुबेहूब त्याच्या आवाजात.

तो बाजूला गेला. "आईचा शेवटचा फोन ऐकव," त्याने पट्टीला सांगितलं.

"संभाषणं साठवली जात नाहीत. सारांश आहे."

"सांग."

"जेवलास का, विचारलं. घरी कधी येतोस, विचारलं. लवकरच येतो, असं तुमच्या वतीने सांगितलं. विशेष काही नाही."

श्रीरंग परत पिंडासमोर आला आणि हात जोडून म्हणाला, "आई, आलो गं."

समोरच्या फांदीवरचा कावळा जागचा हलला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

श्रीरंगच्या मनगटावर शक्ती शहाण्णव टक्के होती.